प्रवेशअर्ज कोणीं भरावा ?

महाविद्यालयांत प्रवेश मिळवून देणें हें आईबापांचें काम व तेथें जाऊन अभ्यास करणें हें मुलांचें काम, अशी वांटणी आपल्याकडील बहुतेक घरांत झालेली आढळते. ही वांटणी मला मान्य नाहीं. माझें म्हणणें असें कीं, दहावी वा बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यानें आपला प्रवेशअर्ज स्वतःच्या हातानें भरावा. त्यास जोडावयाचे कागद स्वतः गोळा करावे. कोणतें महाविद्यालय आधीं व कोणतें मागून, हा क्रमही त्यानेंच लावावा. पालकांनीं शेजारीं बसावें, चूक दिसेल तेथें टोकावें, पैशाची गोष्ट निघेल तेथें खरें तें सांगावें. परंतु लेखणी आपल्या हातीं घेऊं नये. हल्लीं लेखणीच्या जागीं संगणकाची कळ आली आहे, एवढाच काय तो फरक.

हें म्हणणें कोणास अव्यवहारी वाटेल. वस्तुतः अव्यवहार आहे तो प्रचलित रीतींत. निकाल लागतांच गांवोगांवच्या संगणकाच्या दुकानांपुढें रांग लागते. वडील कागदांची पिशवी सांभाळीत उभे असतात. दुकानदार एकामागून एक अर्ज उरकीत असतो. आणि ज्याच्या आयुष्याचा हा प्रश्न, तो उमेदवार बाहेर पायरीवर मित्रांशीं गप्पा मारीत असतो. दुकानदारास दोष देण्यांत अर्थ नाहीं. घाईच्या वेळीं तो भ्रमणध्वनीचा क्रमांक स्वतःचाच घालतो, परवलीचा शब्द एका चिठोऱ्यावर लिहून देतो, आणि तें चिठोरें दोन दिवसांत सदऱ्याबरोबर धुतलें जातें. पुढें फेरीची यादी लागते. तिची वर्दी दुकानदाराच्या यंत्रावर येऊन पडते. जागा निश्चित करण्याची मुदत थोड्या दिवसांची असते, ती टळते, आणि मग घरांत जो आकांत होतो त्यांत रागावावें कोणावर हेंच कोणास कळत नाहीं. दरवर्षीं पावसाच्या पहिल्या सरींबरोबर अशा दोन-चार कहाण्या शिक्षकांच्या कानीं येतातच.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलास एवढें कसें जमेल, असा प्रश्न पालक विचारतात. तोच मुलगा घरांतील विजेचें देयक भरतो, मामाच्या रेल्वेचें तिकीट काढून देतो, आजीस दूरच्या नातेवाइकांचे चेहरे यंत्रावर दाखवितो ! त्यास अर्ज भरतां येत नाहीं असें नव्हे; तो भरण्याची जबाबदारी त्यावर कोणीं टाकलेली नसते, इतकेंच. ज्या घरांत महाविद्यालयाची पायरी आजवर कोणींच चढलेलें नाहीं, त्या घरांतील मुलास तर हें काम शिकणें अधिकच अगत्याचें आहे. तेथें विचारावयास वडील भाऊ नाहीं, काका नाहीं. पुढें धाकट्या भावंडांस वाट दाखविणारा तोच व्हावयाचा असतो.

पसंतिक्रमाचीच गोष्ट घ्या. अकरावीची केंद्रीय प्रवेशपद्धति २०२५ सालीं साऱ्या महाराष्ट्रास लागू झाली. तींत पहिल्या पसंतीचें महाविद्यालय मिळालें म्हणजे तें घ्यावेंच लागतें. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांस मुकावें लागतें. बारावीनंतरच्या अभियांत्रिकीसारख्या शाखांतही पहिल्या पसंतीच्या जागेस असाच बंधनाचा नियम आहे. अर्थात् पहिलें नांव लिहितांना केवळ त्या संस्थेच्या कीर्तीकडे पाहून चालत नाहीं. तेथें जावयास किती वेळ लागतो, शेवटची एस्. टी. किती वाजतां सुटते, वसतिगृह आहे कीं नाहीं, आपणांस हवा तो विषय तेथें खरोखर शिकविला जातो कीं केवळ माहितीपत्रकांत छापलेला आहे, हें ज्यास रोज जावयाचें आहे त्यानेंच पाहून यावयास हवें. मे महिन्यांत एक दिवस काढून तीन महाविद्यालयांच्या आवारांत हिंडून आलेला विद्यार्थी, शेजाऱ्यांच्या सल्ल्यानें यादी करणाऱ्याहून नक्कीच शहाणा ठरतो. ग्रंथालयांत डोकवावें, प्रयोगशाळेच्या दारांतून पाहावें, उपाहारगृहांत बसलेल्या जुन्या विद्यार्थ्यांस दोन प्रश्न विचारावे. ते खरें सांगतात, बहुधा जरूरीपेक्षां अधिक सांगतात.

आतां कागदांविषयीं. धोंडो केशव कर्वे १८७५ सालीं मुरुडाहून साताऱ्यास एका परीक्षेसाठीं पायीं गेले. शंभर मैलांहून अधिक वाट, पावसाचे दिवस, मध्यें सह्याद्रीचा घाट. साताऱ्यास पोंचल्यावर परीक्षामंडळाच्या अध्यक्षांनीं त्यांकडे पाहिलें व हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाहीं असें म्हणून त्यांस परत पाठविलें. वय पुरें झालें होतें; मुलगा अंगानें किरकोळ होता, एवढाच अपराध. पुढें १८८१ मध्यें ते मॅट्रिक झाले, १८८४ मध्यें गणित घेऊन पदवीधर झाले, आणि त्यापुढील इतिहास सर्वांस ठाऊक आहे. त्या काळीं चेहऱ्यावरून वय ठरत असे. आज सर्व कांहीं कागदावरून ठरतें, आणि कागद नसल्यास आजही तितकेंच निर्दयपणें परत फिरावें लागतें.

राखीव जागेचा हक्क असलेल्या विद्यार्थ्यानें हें विशेष लक्षांत ठेवावें. व्यावसायिक शिक्षणक्रमांस नुसता जातीचा दाखला पुरत नाहीं. जिल्ह्याच्या पडताळणी समितीचें वैधता प्रमाणपत्र लागतें. त्यासाठीं पुरावा लागतो तो वाडवडिलांचा. अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५० पूर्वींचा, विमुक्त व भटक्या जमातींस २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वींचा, इतर मागासवर्गांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा. हा पुरावा बहुतेकांच्या बाबतींत कोठें सांपडतो ? आजोबा ज्या प्राथमिक शाळेंत दोन-तीन इयत्ता शिकले, तेथील जनरल रजिस्टरांत. मिशनच्या जुन्या शाळांचीं कपाटें या दृष्टीनें मोठीं मोलाचीं आहेत. पिवळ्या पडलेल्या पानावर बोरूनें लिहिलेली एक ओळ सांपडावी, आणि तिजवर नातवाचें अभियांत्रिकीचें शिक्षण उभें राहावें, असें घडतें. परंतु ती ओळ शोधावयास वेळ लागतो. आजोबांची शाळा दुसऱ्या तालुक्यांत असते, शाळेचें नांव बदललेलें असतें, आडनांव निराळें लागलेलें असतें. समितीसही महिने लागतात. म्हणून बारावीनंतर ज्यास तिकडे जावयाचें आहे त्यानें अकरावींत असतांनाच अर्ज करावा. निकालानंतर धांवाधांव करणाऱ्यांपैकीं कित्येकांची जागा समितीच्या दारांतच राहते.

नांवाच्या स्पेलिंगाचेंही तसेंच. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, आधारपत्रावर दुसरें, बँकेच्या पुस्तकांत तिसरें, असा प्रकार सर्रास दिसतो. शाळेंत असेपर्यंत ही दुरुस्ती सोपी असते. शाळा सोडल्याचा दाखला हातीं पडल्यावर तीच गोष्ट डोंगराएवढी होते. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनीं या सुट्टींत घरांतील सर्व कागद एका ठिकाणीं मांडून नांवें ताडून पाहावीं. ही करमणूक मुळींच नाहीं, परंतु एका दुपारचें काम आहे.

पैशाविषयीं पालकांस दोन शब्द सांगावेसे वाटतात. घरची सांपत्तिक स्थिति मुलांपासून लपवून ठेवण्याची आपली चाल आहे. तिच्या मुळाशीं माया आहे हें खरें. तथापि तिच्यामुळें मुलें शिष्यवृत्तीचा शोधच करीत नाहींत. बारावीच्या परीक्षेंत आपल्या मंडळाच्या वरच्या वीस टक्क्यांत येणाऱ्या व घरचें वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्यास केंद्र सरकारची एक शिष्यवृत्ति आहे. पदवीच्या तीन वर्षांत दरसाल १२,००० रुपये मिळतात. राज्य सरकारच्या राजर्षि शाहू महाराजांच्या नांवानें चालणाऱ्या योजनेंत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांस शुल्काचा मोठा भाग माफ होतो. २०२४ सालीं तर राज्य सरकारनें ठरविलें कीं, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतील मुलींस, केंद्रीय फेरींतून व्यावसायिक शिक्षणास प्रवेश मिळाल्यास शिकवणी व परीक्षा या दोन्हींचें शुल्क पूर्ण माफ असावें. हे पैसे बहुधा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या, आधाराशीं जोडलेल्या खात्यांत येतात. म्हणून बँकेंत खातें उघडणें हीही प्रवेशाची तयारीच होय.

एवढें असूनही मुलीचा प्रश्न निघाला कीं घरांतील सूर बदलतो. मुलास पुण्यामुंबईस धाडावयाचें, मुलीस मात्र घराजवळ जें मिळेल तें. तिला रसायनशास्त्राची आवड आहे, पण जवळच्या महाविद्यालयांत तो विषय पदवीपर्यंत नाहीं, म्हणून ती दुसरेंच कांहीं शिकते. यास कोणी अन्याय म्हणत नाहीं, सोय म्हणतात. कॉर्नेलिया सोराबजी या नाशिकास जन्मलेल्या मिशनऱ्याच्या कन्येनें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून पहिल्या वर्गांत पदवी मिळविली. विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ति तिच्या हक्काची होती. केवळ स्त्री म्हणून ती नाकारण्यांत आली. तेव्हां इंग्लंडांतील हितचिंतकांनीं वर्गणी जमविली, आणि १८८९ सालीं ती ऑक्सफर्डास गेली. १८९२ मध्यें तिनें कायद्याची परीक्षा दिली. विद्यापीठानें पदवी हातीं ठेवली ती १९२२ मध्यें, कारण १९२० पर्यंत तेथें स्त्रियांस पदवी देतच नसत. तेथें आडवें आलें तें सरकार व विद्यापीठ. घर आडवें आलें नाहीं. आज सरकार शुल्क माफ करावयास तयार आहे, विद्यापीठाचीं दारें उघडीं आहेत, आणि दाराला आंतून कडी लावण्याचें काम घरानें पत्करावें, ही गोष्ट मला फार बोंचते. सुरक्षिततेची चिंता खोटी नाहीं. ती असेल तर वसतिगृह पाहून यावें, तेथील अधीक्षक बाईंस भेटावें, बरोबर जाणाऱ्या दोन मैत्रिणींच्या घरीं बोलणें करावें. न पाहतांच नको म्हणणें यांत चिंतेपेक्षां आळस अधिक आहे.

शाखेच्या निवडीविषयीं फार लिहीत नाहीं. त्यावर सल्ला देणारे पुष्कळ आहेत. एवढेंच सांगतों कीं, अकरावींत गणित सोडतांना पुढील कोणते रस्ते बंद होतात याची चौकशी आधीं करावी. चित्रकलेची उत्तम जाण असलेली मुलें गणिताच्या भीतीनें तें टाकून देतात आणि वास्तुशास्त्राच्या शिक्षणास गणित लागतें हें त्यांस दोन वर्षांनीं कळतें.

याहून मोठा घोटाळा अन्यत्र चालला आहे. अलीकडे शास्त्र शाखेच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचें नांव एका महाविद्यालयाच्या पटावर असतें व ते स्वतः दिवसभर खाजगी शिकवणीच्या वर्गांत बसतात. दोन्ही संस्थांचें संगनमत असतें. हजेरी कागदोपत्रीं भरते. पालक दोहोंकडील पैसे मोजतात व आपण मुलासाठीं कांहींच कमी केलें नाहीं या समाधानांत असतात. सरकारनें २०१८ सालीं मुंबई, पुणें, नाशिक वगैरे ठिकाणच्या शास्त्र शाखेसाठीं बोटाच्या ठशानें हजेरी घेण्याचा हुकूम काढला, त्याचें कारण हेंच होतें. या रीतीचें समर्थन असें करतात कीं, प्रवेशपरीक्षेचे गुण महत्त्वाचे, बाकी सारें गौण. मी यास विरोध करतों तो नीतीच्या दृष्टीनें तर खराच, परंतु निव्वळ हिशेबाच्या दृष्टीनेंही. बारावीच्या पदार्थविज्ञानाच्या १०० गुणांपैकीं ३० प्रयोगाचे असतात; ज्यानें वर्षभर परीक्षानळी हातीं धरलेली नाहीं त्यास ते कोणाच्या तरी कृपेनें मिळतात. पुढें अभियांत्रिकीच्या वा वैद्यकाच्या पहिल्या सहामाहींत कृपा करणारा कोणी नसतो. शिवाय चार पर्यायांतून एकावर खूण करण्याची संवय झालेल्या विद्यार्थ्यास दोन पानांचें सलग उत्तर लिहितां येईनासें होतें, आणि विद्यापीठांत तेंच लिहावें लागतें. शिकवणीस माझा सरसकट विरोध नाहीं. संध्याकाळीं दोन तास जाऊन अडलेलें विचारून यावें. दिवसाचें महाविद्यालय मात्र खरें असावें. आणि अकरावी हें विसाव्याचें वर्ष, ही समजूत तर साफ टाकून द्यावी. राज्याच्या प्रवेशपरीक्षेंत अकरावीच्या भागावरही प्रश्न असतात.

मराठी माध्यमांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांची भीति निराळी असते. पहिल्या दिवशीं वर्गांत प्राध्यापक इंग्रजींत बोलूं लागतात, शेजारचीं मुलें माना डोलवितात, आणि आपण मूर्ख आहों असा त्याचा ग्रह होतो. तो मूर्ख नसतो. त्वरण म्हणजे काय हें त्यास शेजाऱ्यापेक्षां कदाचित् अधिक नीट समजलेलें असतें. ॲक्सिलरेशन हा शब्द तेवढा अनोळखी असतो. यावर संभाषणाच्या वर्गांचें महागडें औषध घेण्याचें कारण नाहीं. दहावीचें विज्ञानाचें पाठ्यपुस्तक बालभारतीनें मराठींत व इंग्रजींत दोन्हींत काढलेलें आहे, आणि तें संगणकावर विनामूल्य मिळतें. परीक्षा व निकाल यांमधील सुट्टींत दोन्ही पुस्तकें शेजारीं शेजारीं ठेवून रोज चार पानें वाचावीं. धडा पाठ आहेच. फक्त अपवर्तनाच्या जागीं रिफ्रॅक्शन, गतिज ऊर्जेच्या जागीं कायनेटिक एनर्जी असे शब्द ओळखीचे करून घ्यावयाचे. एका वहींत दोन रकाने आंखून ते लिहीत जावे. दोन महिन्यांत जी वही तयार होते तिची किंमत जून-जुलैमध्यें कळते. आणि मराठी सोडूं नये. जें आपल्या भाषेंत सांगतां येत नाहीं तें आपणांस कळलेलें नाहीं, असें खुशाल समजावें.

पदवीच्या शिक्षणाची घडी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० यामुळें बदलली आहे, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें. तीन वर्षांनीं पदवी आहेच. चवथें वर्ष केल्यास ऑनर्स पदवी. मध्येंच थांबावें लागल्यास एका वर्षानें प्रमाणपत्र व दोन वर्षांनीं पदविका घेऊन बाहेर पडण्याची सवलत आहे. मिळविलेले श्रेयांक एका राष्ट्रीय पेढींत विद्यार्थ्याच्या नांवें जमा राहतात व बहुधा सात वर्षांपर्यंत उपयोगी पडतात. वडिलांचें आजारपण, शेतीची नापिकी, अशा कारणांनीं शिक्षण सोडावें लागलेल्यांचें पूर्वीचें सारें श्रम वाया जात, तें आतां टळेल. ही सवलत संकटासाठीं आहे, कंटाळ्यासाठीं नव्हे. एका वर्षाच्या प्रमाणपत्रास बाजारांत काय भाव येईल, याचा विचार मुलीचें लग्न ठरविण्याच्या घाईंत असणाऱ्या घरांनीं अवश्य करावा.

प्रवेश निश्चित करतांना कांहीं संस्था मूळ प्रमाणपत्रें ठेवून घेतात, व दुसरीकडे चांगली जागा मिळाली तरी तीं परत देण्यास खळखळ करतात. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं यास स्पष्ट मनाई केलेली आहे. मूळ कागद दाखवावे, ताडून झाले कीं परत घ्यावे, आणि हें विद्यार्थ्यानें स्वतः, नम्रपणें पण ठामपणें सांगावें. वडिलांच्या मागें उभें राहून सांगूं नये. त्याच आठवड्यांत ग्रंथालयाचें ओळखपत्र करून घ्यावें. बहुतेक नवे विद्यार्थी तें सहामाहीच्या परीक्षेपर्यंत लांबणीवर टाकतात, आणि तोंपर्यंत क्रमिक पुस्तकांच्या सर्व प्रती दुसऱ्यांच्या घरीं गेलेल्या असतात.